दुहेरी रेघ

दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर आजी संत्रं सोलत होती. फोडीवरच्या पांढऱ्या शिरा काढायच्या, नखानं पोट फोडून बी बाहेर ढकलायची आणि मग ती फोड नातवाच्या तोंडात. नातू चार-साडेचार वर्षांचा. बुटाचा चिकटपट्टा उघडायचा, परत लावायचा, त्याचा चर्र आवाज झाला की हसायचा. फोड तोंडात गेली की तो थांबे, रस गिळून होईपर्यंत आजी पदर त्याच्या हनुवटीखाली धरून बसे, मग परत चर्र. शेजारी सून, मांडीवर प्लास्टिकची फाईल. निम्मं संत्रं झाल्यावर आजी बी पदरात टाकता टाकता सहज बोलली, “अगं, दुसरं होऊ दे आता. आमी काय जल्माला पुरनार हाय का? ह्याला बघायला हक्काचं मानूस होईल.” सून म्हणाली, “बघू, आत्या.” आणि फाईलचं बटण, जे लागलेलंच होतं, ते तिनं पुन्हा दाबलं.

एवढंच घडलं. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. आजी रागानं बोलली असती तर तिचा राग करून मोकळं होता आलं असतं. ज्या मायेनं बी काढत होती, त्याच मायेनं ती बोलली होती. आणि अजून पोटातही नसलेल्या एका मुलाच्या नावावर तिनं जन्मभराचं काम लिहून टाकलं होतं.

“दुसरं होऊ द्यायचं का” हा प्रश्न पहिलं मूल मतिमंद असलेल्या प्रत्येक घरात येतो. विचारणारे पुष्कळ असतात, शेजारीण, माहेरचे, हळदीकुंकवाला भेटलेली लांबची जाऊ. उत्तर मात्र दोघांनाच शोधायचं असतं, तेही मोठं मूल झोपल्यावर, दिवा मालवून, दबक्या आवाजात. त्यात दोन भीती त्यांना उलटसुलट ओढत असतात. एक म्हणते, परत तसंच झालं तर? दुसरी म्हणते, आपल्यामागे ह्याचं कोण? पहिली थांबवते, दुसरी ढकलते. कित्येक घरांत यांतली एक दुसरीला दाबून टाकते आणि निर्णय होऊन जातो. कुणी पंचविशीतच ऑपरेशन करून टाकतं. कुणाला दिवस गेल्यावर लक्षात येतं की आपण कुणाला काही विचारलंच नव्हतं. वास्तविक पहिल्या भीतीसाठी तपासण्या आहेत आणि दुसरीसाठी कायदा आहे. पण अंधारात कुजबुजणाऱ्या त्या दोघांना हे सांगितलेलंच नसतं. मुलाची थेरपी, मुलाची शाळा, मुलाचं प्रमाणपत्र, सगळं बोललं जातं. आईबापांच्या पुढच्या बाळंतपणाचा विषय कुणाच्या कागदावर नसतो.

“परत तसंच” होण्याला आकडा असतो, पण तो प्रत्येक घराचा वेगळा. डाउन सिंड्रोमचं मूल घ्या. डोळ्यांची ठेवण आणि तळहातावरची एकच आडवी रेघ पाहून निदान ओळखता येतं आणि पुष्कळदा तपास तिथंच थांबतो. दिसतंयच, मग रक्त कशाला? मुलाच्या थेरपीपुरतं ते चालेल, पण आईबापांसाठी गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, झालीच पाहिजे. अशा शंभरातल्या साधारण ९५ मुलांमध्ये एकविसावं गुणसूत्र सुटं, तिसरं म्हणून आलेलं असतं. तसं असेल तर पुढच्या खेपेला धोका १ टक्का, किंवा आईच्या वयाचा जो असेल तो, यांत जो जास्त तो धरायचा. वयाचा धोका पंचविशीत साधारण १,२०० मध्ये १, पस्तिशीला ३५० मध्ये १ आणि चाळिशीला १०० मध्ये १. पण तीन-चार मुलांमध्ये ते जास्तीचं गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला, बहुधा चौदाव्याला, जोडून आलेलं असतं. मग आईबापांचंही रक्त बघावं लागतं. ती जोडणी आईत असेल तर धोका १० ते १५ टक्के, बापात असेल तर त्याहून पुष्कळ कमी. आणि दोघांपैकी एकात एकवीस-एकवीस अशी जोडणी असेल, तर जन्माला येणारं प्रत्येक मूल डाउन सिंड्रोमचंच असणार. चेहरा तोच, हातावरची रेघ तीच, आणि आकडा १ टक्क्यापासून १०० टक्क्यांपर्यंत कुठंही.

हे रक्त हिरव्या टोपणाच्या, हेपॅरिनच्या नळीत घ्यायचं असतं, दोन-तीन मिलीलिटर. घाईत जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं तर काम बिघडतं, कारण प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी तीन दिवस जिवंत वाढवायच्या असतात, त्याशिवाय गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. नळी भरल्यावर हलक्या हातानं उलटसुलट केली नाही तर रक्त साकळतं, बर्फाला थेट चिकटली तर पेशी मरतात, शनिवारी काढलेलं रक्त सोमवारपर्यंत उन्हातल्या गाडीत राहिलं तरी तेच. मग दोन-तीन आठवडे वाट पाहिल्यावर निरोप येतो की वाढ झाली नाही, नमुना पुन्हा पाठवा. पुन्हा ते मूल धरायचं, पुन्हा सुई.

डाउन सिंड्रोम निदान चेहऱ्यावर दिसतो तरी. मतिमंदत्व असलेल्या बहुतेक मुलांच्या फाईलवर आपल्याकडे एकच वाक्य असतं, “जन्मतः उशिरा रडलं.” बाळंतपणात मेंदूला प्राणवायू कमी पडणं हे खरं कारण असतंही, आणि तसं असेल तर पुढच्या बाळाला तोच धोका फारसा राहत नाही, चांगल्या दवाखान्यात बाळंतपण करायचं, एवढं सांगणं पुरतं. पण हे वाक्य इतकं हाताशी असतं की त्यामागे दुसरंच काही लपून राहतं. ज्या बाळाच्या जनुकांतच दोष आहे, ते जन्मतः मऊ, शिथिल असतं आणि म्हणूनही उशिरा रडतं. म्हणून बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं. बाळाला पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके आले का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, दूध कधी ओढायला लागलं, हे त्यात असतं. ते खरोखर गंभीर नसेल आणि मेंदूच्या एमआरआयमध्येही प्राणवायूच्या कमतरतेच्या खुणा नसतील, तर “उशिरा रडलं”वर समाधान मानू नये. डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, जनुकीय कारण तपासलं का?

आता पुन्हा त्या एका शब्दाकडे येतो. “बघू, आत्या.”

सासूला आत्या म्हणायची पद्धत आपल्याकडे आहेच, त्यामुळे तो शब्द कानावरून निघून जातो. पण पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ती कितीदा तरी खरोखरची आत्या असते. भावाची लेक सून म्हणून आणायची. घरातली मुलगी घरात राहते, जमीन-सोनं फार लांब जात नाही, आणि सासुरवास कमी होतो असं मुलीच्या आईला वाटतं. या लग्नांमध्ये जिव्हाळा असतो, तो नाकारायचं कारण नाही. व्हरांड्यातल्या त्या दोघीही एकमेकींजवळ ज्या सैलपणे बसल्या होत्या, तशा सासू-सुना सहसा बसत नाहीत. अडचण एवढीच की आपल्या प्रत्येकाच्या अंगात काही बिघडलेली जनुकं मुकाट पडून असतात. जनुकाची दुसरी प्रत चांगली असते म्हणून काही होत नाही. मामे-आते भावंडांच्या जनुकांतला आठवा हिस्सा सामायिक असतो, त्यामुळे एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, आणि बाळाला दोघांकडूनही तीच मिळाली तर चांगली प्रत उरतच नाही. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याचा धोका २ ते ३ टक्के धरतात, अशा जोडप्यांत तो ४ ते ६ टक्के. म्हणजे बहुतेकांची मुलं चांगलीच असतात. पण एक मूल या कारणानं बाधित झालं, की पुढच्या प्रत्येक वेळी धोका थेट २५ टक्के. रुपयातले चार आणे.

या चार आण्यांचा हिशोब फार चुकतो. “चारात एक ना? एक झालं, आता तीन चांगली,” असं धरून चालणारी घरं आहेत. गर्भाला आधीच्या गर्भाची आठवण नसते. दर वेळी तेच चार आणे नव्यानं लागतात. लागोपाठ दोन मुलं बाधित होऊ शकतात, लागोपाठ तीन चांगलीही होऊ शकतात. उलट बाजूनं, ज्यांचा खरा धोका १ टक्क्याच्या आसपास आहे, म्हणजे मुलाच्या जनुकात पहिल्यांदाच नव्यानं बदल झालेला आहे, अशी जोडपीही केवळ धसक्यानं थांबलेली असतात. त्यांना कुणी आकडा सांगितला असता तर कदाचित तरीही थांबली असती, पण ते थांबणं वेगळं झालं असतं.

एक गोष्ट आधी कळली तर पुष्कळ पुढचं सोपं जातं, ती म्हणजे निदान मोठ्या मुलाचं आधी करायचं, मग पोटातल्याचं. तिसरा-चौथा महिना लागल्यावर जोडपं येतं आणि म्हणतं, “हे बाळ तसं नाही ना, तेवढं बघून द्या.” काय बघायचं? मोठ्यात नेमका कोणता बदल आहे हेच माहीत नसेल, तर पोटातल्या बाळात शोधायचं काय? पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हृदय दिसतं, पाठीचा कणा दिसतो, मेंदूची रचना दिसते. बुद्धी दिसत नाही. आईच्या रक्तावरून दहाव्या आठवड्यानंतर होणारी तपासणी मुख्यतः एकवीस, अठरा, तेरा या गुणसूत्रांची चाळणी असते, ती बाकीच्या शेकडो कारणांबद्दल काही सांगत नाही. “सगळं नॉर्मल” हा शब्द घेऊन घरी गेलेली माणसं नंतर फार कोसळतात.

म्हणून दिवस राहण्याच्या निदान सहा महिने आधी लागावं. पहिल्यांदा तीन पिढ्यांची वंशावळ. मग मुलाची नीट तपासणी, डोक्याचा घेर, कान, त्वचेवरचे डाग, आणि थायरॉइडची साधी रक्ततपासणी झाली नसेल तर ती. चेहऱ्यावरून काही ओळखू येत नसेल तर क्रोमोसोमल मायक्रोॲरे, म्हणजे गुणसूत्रांचे बारीक तुकडे कमी-जास्त झालेत का ते बघणारी तपासणी. शंभरातल्या १५ ते २० मुलांत त्यात कारण सापडतं. त्याच वेळी फ्रॅजाइल एक्सची, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे येणाऱ्या मतिमंदत्वाची, वेगळी तपासणी मागावी लागते, कारण ती मायक्रोॲरेत येत नाही आणि नेहमीच्या एक्सोममध्ये, म्हणजे सगळ्या जनुकांच्या एकत्र वाचनातही येत नाही. त्यात सीजीजी ही जनुकातली तीन अक्षरं किती वेळा आली ते मोजतात. २०० च्या वर गेली तर आजार. आईत ती ५५ ते २०० वेळा असतील तर ती स्वतः हुशार, नोकरी करणारी, संसार चालवणारी असते, पण प्रत्येक बाळाला ते जनुक जाण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्याकडून जाताना आकडा वाढू शकतो. यातही नाही सापडलं तर एक्सोम, शक्यतो मूल आणि आईबाप तिघांचं एकत्र. मोठ्यांचा खर्च वाचवायला फक्त मुलाचं केलं, की “अर्थ निश्चित नाही” असा शेरा येण्याचं प्रमाण वाढतं आणि शेवटी आईबापांचं रक्त मागवावंच लागतं. अशा अनिश्चित शेऱ्यावर गर्भाचा निर्णय घेऊ नये. आणि मूल नाजूक असेल, वारंवार आजारी पडत असेल, तर त्याचा डीएनए काढून जपून ठेवायला सांगावं. हे सुचवणं आईपाशी फार जड जातं. पण ते मूल गेल्यावर शोधायला काही हातात राहत नाही.

या सगळ्याला महिने लागतात, आणि तेवढे महिने थांबायचं म्हणजे साधन हवं. “सध्या नको” याचं रूपांतर थेट ऑपरेशनात होऊ नये. तांबी आहे, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे. सरकारी दवाखान्यात यांना पैसे पडत नाहीत. बाईचं ऑपरेशन उलटवणं अवघड आणि बेभरवशाचं. ज्या घरात पूर्ण विचारानं “आता एकच” ठरलं आहे, तिथं पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया सर्वांत सोपी, फक्त तीन महिने दुसरं साधन वापरून, वीर्य तपासून शुक्राणू नाहीत याची खात्री करायची. त्या मुलाला दिवसातून दहा वेळा उचलणाऱ्या बाईच्याच पोटावर पुन्हा टाके का घालायचे, हा प्रश्न नवऱ्यानं स्वतःला विचारावा असं फार वाटतं.

मोठ्याचा बदल सापडलेला असेल, तर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा छोटा तुकडा किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून नेमकं तेवढंच तपासता येतं. घरात आधी असं मूल असणं हे अशा तपासणीसाठी १९९४च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यात मान्य कारण आहे. नोंदणी असलेलं केंद्र, बाईची लेखी संमती, फॉर्म भरणं, आणि मुलगा की मुलगी हे कुणी विचारायचं नाही, सांगायचं नाही. वार तपासल्याचा फायदा वेळेचा. अहवाल येऊन विचार करायला काही आठवडे उरतात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं, गर्भात व्यंग असेल तर २४ पर्यंत दोघांच्या मतानं आणि गंभीर व्यंगासाठी त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं गर्भपात होऊ शकतो. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची, सासूची लागत नाही.

पण सुई टोचण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारायचा प्रश्न असतो, अहवाल वाईट आला तर काय करणार आहोत? इथं येऊन भली भली माणसं गप्प होतात. ज्या मुलाला रोज आंघोळ घालतो, ज्याचा वास उशीला येतो, त्याच्यासारखंच दुसरं नको म्हणायचं, म्हणजे हाही नको होता असं म्हटल्यासारखं होतं का? कुणी आई म्हणते, हाच परत आला तरी चालेल, फक्त आधी कळू दे, मी तयार राहीन. कुणी म्हणते, ह्याच्यावर जीव आहे म्हणूनच दुसऱ्याच्या वाट्याला झटके आणि सलाइन नको. दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच आठवड्यात ऐकू येतात. बाहेरच्या माणसानं यांत बरोबर-चूक ठरवू नये, आणि तपासणी नको म्हणणाऱ्याला अडाणी तर मुळीच म्हणू नये.

निर्णय “होऊ दे” असा झाला तरी मोठं मूल काही बाजूला उभं राहत नाही. चौदा-पंधरा किलोचं, न चालणारं मूल सातव्या महिन्यात कडेवर घ्यायचं कसं? सिझेरियन झालं तर आई चार-पाच दिवस दवाखान्यात, नंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही. या काळासाठी एक कागद लिहून फ्रीजवर लावावा लागतो: फिटचं औषध किती मिलीलिटर आणि किती वाजता, बाटली हलवून घ्यायची, एक डोसही चुकवायचा नाही, भात किती मऊ, शी लागली की तो कसा उभा राहतो, कुठल्या आवाजाला घाबरतो. हा कागद लिहिताना कित्येक आयांना पहिल्यांदा कळतं की हे सगळं आजवर फक्त आपल्याच डोक्यात होतं.

मग धाकटं येतं. दीड-दोन वर्षांत एक दिवस ते मोठ्याच्या पुढे जातं. मोठा अजून एकेक शब्द जुळवत असतो आणि धाकटी पाळण्याच्या दोरीला धरून पूर्ण वाक्य बोलते. आई हसते, आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहते. पुढे तीच धाकटी त्याचं वरचं बटण लावून देते, पाहुण्यांना “दादाला गोड जास्त देऊ नका” असं बजावते. ते पाहायला गोड असतं आणि पोटात कालवतंही, कारण सहा वर्षांच्या पोरीला कुणी हे काम दिलेलं नसतं, तिनं ते घरातल्या बोलण्यातून उचललेलं असतं. हक्काचं माणूस.

त्या हक्काबद्दल कायदा काय म्हणतो तेही सांगायला हवं. अठरा पूर्ण झाल्यावर मतिमंद मुलाचे आईबापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. ते आईबापांना मिळतं, भावंडाला मिळतं, इतर नातेवाइकाला मिळतं, नोंदणीकृत संस्थेलाही मिळतं. सख्खंच भावंड हवं असं कुठंही लिहिलेलं नाही. त्याच न्यासाची निरामय ही वर्षाला १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. मृत्युपत्र, मुलाच्या नावे विश्वस्त निधी, दोन चुलत भावंडांशी आधीच मोकळं बोलणं, ही कामं आईबापांच्या हातातली आहेत आणि ती धाकटं असलं तरी करावी लागतात, नसलं तरी. धाकटं मोठं होऊन आपणहून म्हणेल, दादा माझ्याकडे राहील, तर त्यासारखं सुख नाही. पण “नाही” म्हणायची जागा त्यालाही असायला हवी.

व्हरांड्यात पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी टेबलावर कोरा कागद घेतला आणि वंशावळ काढायला बसल्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार असेल तर आकृती आतून भरायची, माणूस गेलेलं असेल तर वरून तिरकी रेघ. “तुमचे मालक तुमचे कोण लागत होते, लग्नाआधी?” “आत्याचा मुलगा.” ताईंनी चौकोन आणि वर्तुळ जोडलं, आणि त्या रेघेखाली दुसरी रेघ ओढली. नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ असते. मग त्या वरच्या पिढीकडे गेल्या. सुनेला वडिलांची भावंडं मोजताना अडखळायला झालं, तेव्हा आजीनं संत्र्याची सालं बाकावर ठेवली आणि बोटं मोजायला घेतली. “थोरला हिचा बाप. मग मी. मग धाकटी, ती फलटणला दिलीय.” ती थांबली. पदरातल्या बिया तिनं मुठीत घट्ट धरल्या होत्या.

“आनि एक मधला हुता. बोलायचा न्हाय. आई त्याला सोप्यात बांधून शेतावर जायाची. नऊ वर्साचा हून गेला. त्याला बी धरायचा का?”

“धरायचा, आजी,” ताई म्हणाल्या.

सुनेनं आत्याकडं पाहिलं. हे तिनं कधीच ऐकलेलं नव्हतं. ताईंनी चौकोन काढला, तो आत भरला आणि त्यावरून एक तिरकी रेघ ओढली. मग नळ्यांच्या स्टँडकडे हात नेला. पोराचा बूट चर्र वाजला. आजीनं उरलेल्या संत्र्याची फोड घेतली, शिरा काढल्या आणि नखानं बी शोधायला लागली.